हिवरकुंडच्या चौकटीतला तक्ता

कॉम्प्युटर म्हणजे आपल्या डाव्या हाताचा मळ! हे वाक्य मी आमच्या दूध संघाच्या बैठकीत, भरल्या सभेत, चहाचा कप हातात धरून बोललो होतो. सहा गावांच्या सहा डेअऱ्या, त्यांचा मिळून लोहाऱ्यात एक संघ, आणि त्या संघाचा सेक्रेटरी मी, गौरीशंकर. संघात कॉम्प्युटर चालू करता येणारा माणूस मी एकटाच. बंद करता येणारे पुष्कळ आहेत, ते सरळ वायरच उपटतात!

तर झालं असं, की दूध गार ठेवायची एक मोठी टाकी आमच्या भागाला मिळणार होती. ती हिवरकुंडला बसवायची, असं आमचं ठरत आलं होतं. हिवरकुंड सगळ्यात आडबाजूला. सकाळची दुधाची गाडी तिथं कशीबशी पोचते. संध्याकाळी पोचली तर पोचली. पण नुसतं आम्ही ठरवून काय उपयोग? जिल्ह्याच्या डेअरी ऑफिसातून निकिता मॅडम जागा बघायला येणार होत्या, गुरुवारी. त्यांनी फोनवर दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. एक, सहाही गावांच्या चेअरमनच्या सह्यांचा ठराव तयार ठेवा. आणि दुसरी, वर्षभराचं दूध एका नजरेत दिसेल असं एकच मोठं चित्र भिंतीवर लावा.

“होऊन जाईल मॅडम!” मी म्हणालो.

आणि खरंच, अर्ध्या दिवसात झालं. एका पानावर सहा चौकटी. वर तीन, खाली तीन. एका चौकटीत एक गाव, आणि प्रत्येकात बारा महिन्यांच्या दुधाची रेघ. इतकं देखणं चित्र, की मी दोनदा खुर्ची मागं सरकवून लांबून बघितलं. तेवढ्यात शिवकांताअक्का आल्या.

अक्का म्हणजे हिवरकुंडच्या डेअरीच्या चेअरमन. ती डेअरी सगळी बायकांची. अक्कांना शाळा चौथीपर्यंतच मिळाली, पण दुधाच्या कॅनवर हात ठेवून आत किती लिटर आहे ते सांगतात. त्यांनी पदर खोचला, चष्मा लावला आणि आपल्या गावाच्या रेघेवर बोट ठेवलं. रेघ एप्रिल-मेमध्ये धपकन खाली आली होती.

“सेक्रेटरी, ह्यात तर आमचं दूध उन्हाळ्यात आटल्यालं दिसतंय.”

“आकडे तसेच आहेत अक्का. संघात आलं तेवढंच दूध धरलंय.”

“आटलं न्हाय वो, नासलं! येक्केचाळीस संध्याकाळी आमचे कॅन परत आलेत. बायकांनी दूध वड्यात वतलं.” त्यांनी रेघेवर पुन्हा बोट ठेवलं. “ह्ये चित्र बघून मॅडम म्हनतील, हितं दूधच न्हाय, टाकी कशाला?”

खरं सांगतो, मला लाज वाटली. नासलेल्या कॅनच्या चिठ्ठ्या मीच फाइलीला लावल्या होत्या, आणि मलाच त्यांची आठवण राहिली नव्हती! मी म्हणालो, “अक्का, काळजी सोडा. तुमच्या चौकटीत उजव्या कोपऱ्यात जागा आहे. तिथं छोटा तक्ता टाकतो. रोजचं सरासरी दूध किती, फॅट किती, नासून परत गेलेल्या संध्याकाळी किती. मॅडमची नजर तिथंच जाईल.”

“आन पान्याचं बी लिवा,” अक्का म्हणाल्या. “आमच्या दुधात पानी शून्य हाय.”

संघात दूध तपासायचं मशीन आहे. कोणत्या गावाच्या दुधात किती टक्के पाणी घातलंय, ते मशीन न विचारता सांगतं आणि आकडा परस्पर कॉम्प्युटरमध्ये जाऊन बसतो. तो आकडा मी कधी उघडून बघत नसे. बघितला की बोलावं लागतं, बोललं की भांडण होतं! पण हिवरकुंडचा बघितला आणि खरोखर शून्य निघाला. मी चौथी ओळ घातली: पाणी, शून्य टक्के.

आता एका चौकटीत तक्ता टाकणं म्हणजे काय मोठं काम? मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला, त्यात सांगितलं तसं बटण दाबलं. सहाच्या सहा चौकटींत तक्ता! आणि सगळ्यांत हिवरकुंडचेच आकडे! सहा गावांचं दूध एकेचाळीस संध्याकाळी नासलेलं. पुसायला गेलो तर सहाही गेले. परत आणले तर सहाही आले. शेजारच्या टपरीवरून दोन चहा आले, तिसरा आला, आणि चौथ्या चहाला कुठं मला कळलं की तक्ता सगळ्या चित्राला जोडायचा नसतो, ज्या चौकटीत हवा तिच्याच नावावर करून द्यायचा असतो. केला. पाच चौकटी मोकळ्या, एकीत तक्ता. नमुन्याचं एक पान छापून मी संघाच्या फळ्यावर लावलं आणि समाधानानं पान खाल्लं.

पान संपायच्या आत हिंमतराव आले. वडजाईचे चेअरमन. अंगानं रुंद, आवाजानं त्याहून रुंद.

“सेक्रेटरी, ह्ये काय हाय?”

“हिवरकुंडचा गोषवारा आहे मामा. तक्ता.”

“आन आमचा?”

“तुम्हाला गरज नाही.”

चुकलो! जन्मभर या मुलखात राहून मी हे वाक्य बोललो कसं? आमच्याकडं लग्नात जेवायला उशीर झाला तर माणूस कळ काढतो, पण फेटा बांधायचा राहिला तर मांडव सोडतो. माझ्याच चुलतभावाच्या लग्नात एका मामाचा फेटा राहून गेला. ते एसटी स्टँडवर जाऊन बसले. त्यांना आणायला तीन माणसं गेली, आणि त्या तिघांतल्या एकालाही फेटा नव्हता म्हणून तो मामांशेजारीच बसला! आणि इथं मी सहा गावांतल्या एकाच गावाला तक्ता बांधला होता.

“गरज न्हाय?” हिंमतरावांच्या मिशा थरथरल्या. “वडजाईला गरज न्हाय? हिवरकुंडला पाटावर बशिवलं आन आमाला दारातनंच राम राम! चार वळींचा तक्ता, तेवढा बी आमच्या नशिबी न्हाय? ऱ्हावू द्या. ठरावावर सही मागायला येऊ नगा!”

संध्याकाळपर्यंत आणखी तीन गावांचे चेअरमन येऊन तेच बोलून गेले. कुणाला तक्त्यात काय लिहिलंय ते ठाऊक नव्हतं, कुणी विचारलंही नाही. शेवटी आले महालिंगप्पा. ते संघाचे अध्यक्ष आणि आमच्या सोनखांब गावच्या डेअरीचे चेअरमनही. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, बोलणं सावकाश. ते कधी चिडत नाहीत, त्यामुळं त्यांची जास्त भीती वाटते.

“गौरीशंकर,” ते म्हणाले, “म्या अध्यक्ष. माझ्या गावाची चौकट वरल्या वळीत, पयली. तिच्यात मोकळं रान. आन खालच्या वळीत शेवटाला तक्ता. बाहेरचं मानूस बघून काय म्हनंल?”

“अण्णा, त्यांचं दूध नासतं म्हणून...”

“आमचं नासत न्हाय ह्यो आमचा गुन्हा हाय व्हय?”

ठरावाचा कागद टेबलावर होता. सहा सह्यांच्या जागा, त्यांत सही एकच, शिवकांताअक्कांची. बाकी पाच नसतील तर मॅडम आल्या तशा परत जाणार, टाकी दुसऱ्या तालुक्याला जाणार आणि येत्या उन्हाळ्यात हिवरकुंडच्या बायका पुन्हा ओढ्याकडं कॅन घेऊन जाणार. मी अक्कांना फोन केला.

“मानपानाचं तुमी मिटवा सेक्रेटरी,” त्या म्हणाल्या. “कुनाला काय द्यायचं ते द्या. मला टाकी पायजे.”

मग मला एकदम सुचलं. अहो, सहाही चौकटींत तक्ता कसा येतो, हे माझ्याएवढं या तालुक्यात कुणाला माहीत होतं? ती चूक तर मी मघाशीच चार चहांच्या साक्षीनं केली होती! फक्त प्रत्येक तक्त्यानं आपापल्या गावाचे आकडे उचलावेत, एवढंच कॉम्प्युटरला सांगायचं होतं. सांगितलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत सहा तक्ते भरून तयार! मी पट्टी घेऊन पडद्यावर सहाही तक्ते मोजले, लांबी आणि रुंदी. पुढचं भांडण त्यावरून होणार हे मला माहीत होतं. सगळे सारखे भरले. आत आकडे काय आहेत ते वाचायचं मात्र राहून गेलं.

फाइल बजरंगच्या फ्लेक्सच्या दुकानात पाठवली. बजरंगनं आयुष्यात फोटोशिवाय फ्लेक्स छापलेला नव्हता. त्याचा लगेच फोन आला.

“सेक्रेटरी, वाढदिवस कुनाचा हाय?”

“कुणाचा नाही. दुधाची माहिती आहे.”

“मग शुभेच्छुक कोन कोन टाकू?”

“कुणी नाही!”

“लई मोकळं दिसंल बघा,” तो म्हणाला, पण त्यानं छापलं.

गुरुवारी सकाळी फ्लेक्स संघाच्या शेडमध्ये भिंतीला लागला. आठ बाय सहा फूट. मधोमध जरा खाली, म्हणजे मॅडमना मान वर करावी लागू नये. एकेक चेअरमन आले, लांबूनच आपल्या चौकटीत तक्ता आहे ना ते बघितलं, मान डोलावली आणि ठरावावर सही ठोकली. दहा मिनिटांत पाच सह्या! महालिंगप्पा अण्णांनी तर माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी ठराव घडी घालून खिशात ठेवला. अक्का एका बाजूच्या खुर्चीत बसल्या होत्या, हात मांडीवर घट्ट धरून.

हिंमतराव खुशीत होते. ते आपल्या चौकटीशेजारी उभे राहिले, मोबाइल लांब धरला, हसले आणि फोटो काढला. तो लगेच वडजाईच्या गावग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘आपल्या गावाचा मोठा सन्मान.’ मग खुर्चीत बसून कौतुकाची वाट बघू लागले.

कौतुक आलं. पहिल्यांदा तीन-चार हात जोडलेले. मग दोन फुलं. मग मोबाइल थोडा वेळ गप्प बसला, आणि मग एकदम टुंग टुंग टुंग सुरू झालं. हिंमतराव वाचत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू पडत होता.

“सेक्रेटरी,” ते कसनुशा आवाजात म्हणाले, “ह्येच्यात शेवटची वळ काय लिवलीया वो?”

मी वाचलं. पाणी, चौदा टक्के.

“ग्रुपवर लोक इचारायलेत, चौदा टक्के पानी कुनाच्या घरचं?” हिंमतरावांनी कपाळ पुसलं. “आन म्हनायलेत, सन्मान ह्येचाच हाय का?”

शेडमध्ये खुर्च्या सरकल्याचा एकच आवाज झाला. पाचही चेअरमन फ्लेक्सला नाक लावून आपापली शेवटची ओळ वाचू लागले. अकरा! नऊ! सोळा! महालिंगप्पा अण्णांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, परत लावला. आमच्या सोनखांबचं पाणी एकोणीस टक्के होतं. सहा गावांत पहिला नंबर.

“काढा तक्ते!” हिंमतराव ओरडले.

“मामा, छापलेत! ते पुसता येत नाहीत!”

“मग फ्लेक्सच काढा!”

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. मॅडमचा ड्रायव्हर. बेंबळी गाव मागं टाकून बराच वेळ झाला, पोचतोच आहोत, म्हणाला. दोघांनी फ्लेक्सच्या दोऱ्यांना हात घातला आणि शिवकांताअक्का उठल्या. त्या भिंतीपुढं जाऊन उभ्या राहिल्या, बस्स. आवाजसुद्धा चढवला नाही.

“ह्यो निघनार न्हाय,” त्या म्हणाल्या. “ह्येच्यात आमचं नासल्यालं दूध लिवलंय. तुमाला तुमचं झाकायचं तर झाका.”

झाका! पाच जणांनी एकाच वेळी टेबलाकडं बघितलं. तिथं मॅडमच्या सत्काराचं ताट होतं. पुढचं सगळं इतक्या भराभर झालं, की मला थांबवायला वेळच मिळाला नाही. एकानं हार उचलला आणि आपल्या तक्त्यावर टांगला. दुसऱ्यानं टॉवेल. तिसऱ्यानं ऑफिसातलं दिनदर्शिकेचं पान आणून चिकटवलं. अण्णांनी अध्यक्षाला शोभेल अशी शाल घेतली आणि दोन टाचण्यांनी सोनखांबच्या चौकटीला पांघरली. ताटात हिंमतरावांसाठी नारळ उरला. नारळानं काय झाकणार? ते धावत गेले आणि वडजाईच्या तक्त्याला पाठ टेकवून उभे राहिले.

मॅडमची गाडी दारात.

मॅडम आत आल्या, बसल्या, भिंतीकडं बघत राहिल्या. “हे हार-शाली कशाला घातल्यात?”

“आमच्या भागात आधी गावाचा सत्कार होतो, मग पाहुण्यांचा,” मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं!

“अच्छा. आणि हे काका? बसा ना काका.”

“न्हाय मॅडम, म्या उभाच बरा,” हिंमतराव म्हणाले. “पावन्यांम्होरं बसायची आमच्यात पद्धत न्हाय.” बाकीचे चार चेअरमन पाय पसरून बसले होते.

मॅडम चित्र बघू लागल्या. सहा चौकटींत उघडा तक्ता एकच होता, उजवीकडं खाली, हिवरकुंडचा. त्यांची नजर थेट तिथं गेली. त्या उठून जवळ गेल्या. “एकेचाळीस संध्याकाळी दूध परत? आणि पाणी शून्य?” त्या अक्कांकडं वळल्या.

अक्कांनी सांगितलं. ओढ्याचं सांगितलं. परत आलेल्या कॅनमध्ये हात घालून तळाला चिकटलेलं नासकं दूध खरडून काढावं लागतं, ते सांगितलं. म्हशीची धार काढताना बायका आता आकाशाकडं बघतात, ऊन किती आहे ते बघायला, हेही सांगितलं. मॅडमनी ठरावावरच्या सहा सह्या बघितल्या आणि वहीत काही तरी लिहून घेतलं.

“टाकी हिवरकुंडलाच बसवायची, अशी मी शिफारस करते,” त्या म्हणाल्या. “आणि हे चित्र छान केलंय. सगळ्या चौकटी भरून न टाकता जिथं गरज तिथंच तक्ता. कुणाची कल्पना?”

“माझीच!” मी म्हणालो.

अक्कांनी डोळ्यांना पदर लावला होता. मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की मी माइक हातात घेतला. सूत्रसंचालनही माझ्याकडंच होतं ना! “आता आपल्या लाडक्या मॅडमचा सत्कार, अध्यक्षांच्या हस्ते, शाल आणि श्रीफळ देऊन...”

ताटात श्रीफळ होतं. शाल नव्हती. अण्णा माझ्याकडं बघून मान नाही-नाही अशी हलवत होते. मला वाटलं, म्हातारं माणूस, संकोच करतंय! मी लगबगीनं गेलो आणि सोनखांबच्या चौकटीवरची शाल ओढून काढली.

मॅडमनी तिथल्या चारही ओळी वाचल्या. शेवटची मोठ्यानं वाचली.

“एकोणीस टक्के? हे कुणाचं गाव?”

“माझं,” अण्णा खाली बघून म्हणाले. मग त्यांनी मान वर केली. “आन सेक्रेटरीचं बी. त्येंची बायको महानंदा आमच्याच डेअरीला दूध घालती.”

“बाकीचंही काढा,” मॅडम म्हणाल्या.

हार निघाला. टॉवेल निघाला. दिनदर्शिकेचं पान फाटून निघालं. सगळ्यात शेवटी हिंमतराव, एक पाऊल डावीकडं सरकले. मॅडम एकेक आकडा बघत फ्लेक्सच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या. मी अक्कांकडं बघू शकलो नाही. माझ्या एका ओढीनं त्यांची टाकी गेली, असंच मला वाटलं. माइक माझ्या हातात होता आणि त्यातून माझाच श्वास सगळ्या शेडभर ऐकू येत होता.

“टाकी मोठी आहे,” मॅडम शेवटी म्हणाल्या. “एका गावाच्या दुधानं ती भरणार नाही. सहाही गावांचं संध्याकाळचं दूध तिथंच जाईल. आणि अक्का, तपासणीचं मशीन तुमच्या ताब्यात. कुणाचं दूध टाकीत घ्यायचं आणि कुणाचं परत पाठवायचं, ते तुम्ही ठरवायचं. चालेल?”

“चालंल की,” अक्का म्हणाल्या, आणि आमच्या पाचही गावांकडं त्यांनी असं बघितलं, की हिंमतराव न सांगता खाली बसले.

टाकी आली, बसली, चालू झाली. यंदाच्या उन्हाळ्यात हिवरकुंडचा एकही कॅन परत गेला नाही. पण आमच्याकडं एक नवीच अडचण उभी राहिली. पहिल्याच आठवड्यात बाकीच्या पाच गावांच्या जनावरांचं दूध एकाएकी कमी झालं! सोनखांबचं तर जवळजवळ पाचवा हिस्सा घटलं. आमची म्हैस दहा लिटर द्यायची, ती आठावर आली. चारा तोच, पेंड तीच. मी घाबरलो आणि जनावरांच्या डॉक्टरांना फोन करून ताबडतोब बोलावलं. फोन ठेवला तर मागं महानंदा उभी, हातात रिकामी कळशी.

“कशाला बोलावलंय डॉक्टर?”

“अगं, म्हशीला काही तरी झालंय! दोन लिटर दूध कमी...”

“तिला काय धाड भरलीया?” महानंदा म्हणाली. “ती पयल्यापासनं आठच देती.”

ती कळशी घेऊन आत गेली. मी थोडा वेळ म्हशीकडं बघितलं, म्हशीनं माझ्याकडं बघितलं. मग मी डॉक्टरांना परत फोन लावला आणि सांगितलं, येऊ नका साहेब, म्हैस बरी झाली.